वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे असेल तर

गोव्यातल्या साखळी गावची माझी भाची एमबीबीएसची इंटर्नशिप संपवून पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीला लागली आहे. चतुर्थीला घरी आली असताना माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, आणलेल्या सुपाऱ्यांचे घोस बांधता बांधता तिने विचारले, "मावशी, मला गोमेकॉत शिकवायचे आहे. नेमके काय करावे लागेल?" गोमेकॉ म्हणजे आमचे गोवा मेडिकल कॉलेज. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, तरी पाहुण्यांच्या गडबडीत मी तिला धड उत्तर देऊ शकले नाही. ते आज लिहीत आहे.

एमबीबीएसवर ट्यूटर होता येते, पण सहायक प्राध्यापक होण्यासाठी त्या विषयातील एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदव्युत्तर पदवी लागते आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे एक वर्ष सीनिअर रेसिडेंट, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टर, म्हणून काम केलेले असावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2025 च्या नियमांनी एक नवी वाटही खुली केली आहे: 220 किंवा त्याहून अधिक खाटांच्या सरकारी इस्पितळात दोन वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर डॉक्टरांना सीनिअर रेसिडेन्सीशिवाय सहायक प्राध्यापक होता येते; मात्र जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण करावा लागतो. पुढे सहयोगी प्राध्यापक होण्यास चार वर्षे आणि दोन शोधनिबंध, प्राध्यापक होण्यास आणखी तीन वर्षे, असा साधारण क्रम आहे. निबंध पदोन्नतीच्या तोंडावर घाईने लिहू नयेत. पहिल्याच वर्षी एखादा छोटा, आपल्या विभागात खरोखर होण्यासारखा प्रश्न हाती घ्यावा.

ही झाली पात्रता. शिकवता येणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला खरे सांगायचे आहे ते तिच्याविषयी.

ब्रॅकियल प्लेक्सस हा हाताच्या नसांचा गुंता पहिल्या वर्षाच्या मुलांना रडवतो. मीही कित्येक वर्षे तो फळ्यावर रंगीत खडूंनी काढत असे. मुले उतरवून घेत आणि परीक्षेनंतर विसरत. एकदा चाचणीत नापास झालेला एक मुलगा विच्छेदनगृहात मागे थांबला, तेव्हा मी पर्समधल्या लोकरीचे पाच धागे टेबलावर ठेवले. पाच मुळांची तीन खोडे त्याने स्वतः केली, प्रत्येक खोडाचे दोन फाटे केले, आणि मागचे तिन्ही फाटे एकत्र पिळल्यावर तो थबकला. "मॅडम, म्हणजे मागची दोरी तिन्ही खोडांपासून होते?" त्याच दोरीतून निघणारी रेडियल नस दुखावली की मनगट लोंबकळते, हे सांगत मी माझे मनगट सैल सोडले, त्याने आपले मनगट दोन-तीन वेळा उचलून पाहिले आणि मग टेबलावरच्या मृतदेहाच्या बाहूत ती नस स्वतः शोधली. हा अर्धा तास ज्याला आपल्या पगाराचा भाग वाटतो, त्याने या पेशात यावे.

आपल्याकडची बरीच मुले सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीकडे वळलेली असतात. त्यांना विषय कळतो, पण तोंडी परीक्षेत वाक्य जुळत नाही. आधी आपल्या भाषेत सांगू द्यावे आणि मग तेच इंग्रजीत म्हणवून घ्यावे, असे मी करते. अध्यापकांच्या पदांसाठी गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतही कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते. ती अट वर्गातही उपयोगाची आहे.

आता गोव्याचा प्रश्न. 1842 मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोमेकॉ हे इथले एकमेव सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका विषयातली कायम पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि ती लोकसेवा आयोगामार्फत, जागा रिकामी होईल तेव्हाच भरली जातात. त्यामुळे काही वर्षे गोव्याबाहेर काढण्याची तयारी ठेवावी. मीही काढली. तिथल्या एका महाविद्यालयाने दिलेल्या अकरा महिन्यांच्या अनुभवाच्या दाखल्यावर माझे पद आणि रुजू झाल्याची तारीख नव्हती. मी तो न वाचताच फाइलीत ठेवला आणि पुढे पदोन्नतीच्या वेळी ते अकरा महिने धरले गेले नाहीत. दाखला हातात पडताच पद, दोन्ही तारखा, सही आणि शिक्का तपासून घ्यावा, तेथून निघण्यापूर्वीच.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारी अध्यापकाला खाजगी प्रॅक्टिसऐवजी भत्ता मिळतो. म्हापशात किंवा मडगावात दवाखाना थाटलेल्या वर्गमित्राची मिळकत त्याला गाठता येत नाही. क्लिनिकल विषयाच्या अध्यापकाला रुग्ण, रात्रीची ड्यूटी आणि शिकवणे हे तिन्ही सांभाळावे लागते. आमच्या विषयात रात्री मोकळ्या असतात, पण रुग्ण नसतो. मेडिसिन मिळाले नाही म्हणून शरीररचनाशास्त्र घेतलेले आणि वर्षानुवर्षे तेच दुःख वर्गात घेऊन येणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्याची झळ मुलांना लागते. म्हणून पसंतीक्रम भरताना शाखेचे नाव लिहिण्यापूर्वी त्या विभागात आठवडाभर बसून यावे.

भाची सोमवारी माझ्या विच्छेदनगृहात येणार आहे. नवी तुकडी अजून बाहूपर्यंत पोहोचलेली नाही, तरी लोकर मी आजच पर्समध्ये ठेवली आहे.