दुरुस्ती की मोडीत?

आज दिवसभर त्या स्वस्तात घेतलेल्या गाडीखाली पडून होतो. गाडी खाली बसावी म्हणून आधीच्या मालकाने स्प्रिंगाच कापल्यात. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बॉडीला. जादा दिव्यांची वायर फ्यूजशिवाय सरळ बॅटरीला जोडलेली. शॉर्ट झाली असती तर आगच! पण हे सगळं बदलता येतं. आणि इंजिन अजून इतकं छान चालतं की जीव अडकतो त्यात.

मग दाराखालच्या पत्र्याला चुंबक लावून पाहिलं. चिकटेना. रंगाखाली नुसती पुट्टी, आणि आत, नेमकं सस्पेन्शन बसतं तिथेच, पत्र्याची गंजून चाळण झालेली. नवी स्प्रिंग आणेन, पण ती टेकवू कशावर?

इंजिन आणि गिअरबॉक्स उद्या उतरवतोय. बाकी गाडी मोडीत. फार वाईट वाटतंय.