अखेर पॅनलला भोक पाडलं

दीड वर्ष झालं आर्केड कॅबिनेट (गेम पार्लरमधल्यासारखं उभं मशीन) हॉलमध्ये उभं आहे, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं १८ एमएमचं प्लाय, वरून काळा सनमायका, आत रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर), दोन जॉयस्टिक आणि प्रत्येकी सहा बटणं. मुस्तफा गेम मस्त चालतो (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आपल्याकडे ते घेतलंय कुणी?). पण एकदा मिसाइल कमांड (वरून पडणारी क्षेपणास्त्रं निशाण लावून पाडायची आणि आपली शहरं वाचवायची) जॉयस्टिकवर खेळून बघा, निशाण बैलगाडीच्या वेगाने सरकतं आणि तोवर आपलं शहर बेचिराख. १९८० चा अटारीचा गेम, ट्रॅकबॉलसाठीच (पॅनलमध्ये बसवलेला, तळहाताने फिरवायचा गोळा) बनवलेला, त्याला तो गोळाच लागतो. मी लहानपणी ट्रॅकबॉल कधी बघितलाच नव्हता, आमच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं, जॉयस्टिक आणि मागे नंबर लावून उभी असलेली पोरं, संपलं.

म्हणून आता पॅनलमध्ये ट्रॅकबॉल बसवायचं ठरवलं. गोळा सहसा दोन साइजमध्ये मिळतो, सव्वादोन इंची आणि तीन इंची. तीन इंची भारी दिसतो पण त्याचा डबाही तसाच मोठा, खाली वायरींचं जंगल आहे तिथे तो मावेना, म्हणून लहान घेतला. शिवाय सव्वादोन इंच म्हणजे पूलच्या बॉलची साइज, उद्या वाटलं तर आठ नंबरचा काळा बॉल टाकता येईल (स्नूकरचा चालत नाही, तो ५२.५ एमएमचा असतो, लहान पडतो).

जागा ठरवायलाच तीन आठवडे गेले. मधोमध, एवढं नक्की होतं, कारण मिसाइल कमांडला तीन बटणं लागतात, तिन्ही क्षेपणास्त्र तळांची वेगवेगळी, आणि मूळ मशीनवर ती गोळ्याच्या डावीकडे होती. माझ्या पॅनलवर पहिल्या खेळाडूची बटणं नेमकी तिथेच येतात, म्हणजे डावा हात बटणांवर, उजवा गोळ्यावर, नवीन बटण एकही नको. आता किती वर, किती खाली? मी पुठ्ठ्याचं पॅनल कापून त्यावर एक जुना रबरी चेंडू ठेवून रात्री अकरा वाजता हात फिरवत बसायचो, बायको दारातून बघून काही न बोलता झोपायला गेली.

भोक पाडायला सुतारदादांना बोलावलं, कारण सनमायकावर जिगसॉ चालवायची माझी हिंमत नव्हती. आणि खरी गोची भोकाची नव्हतीच. डबा प्लायच्या खालून बसवायचा, आणि गोळा डब्याच्या वर येतो थोडाच, त्यात १८ एमएमचं प्लाय मध्ये आलं की वर राहतं ते नखाएवढं टेंगूळ, त्यावर तळहात काय फिरणार. म्हणून खालच्या बाजूने ट्रिमर (लाकूड कोरायचं मशीन) मारून तेवढ्या भागात प्लाय ६ एमएमपर्यंत उतरवायचं. दादा म्हणाले, "साहेब, एवढं खोल नको, फुटेल." मी म्हटलं, "दादा, होऊ दे काय व्हायचं ते." फुटलं नाही. पण मास्किंग टेप लावूनसुद्धा सनमायकाचा एक कपचा उडालाच, डाळीच्या दाण्याएवढा. आणि तो मी स्वतः, शेवटी उगाच पॉलिश पेपर घासताना, दादांनी नव्हे.

डब्याच्या आत बघितलं तर फार साधी गंमत आहे. गोळा तीन ठिकाणी टेकलेला, दोन रोलर आणि एक नुसती बेअरिंग. एक रोलर आडवी चाल मोजतो, दुसरा उभी. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचा असलेली चकती, चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला दोन सेन्सर, आणि कुठला सेन्सर आधी झाकला गेला त्यावरून दिशा कळते. युएसबी लावलं की रास्पबेरी पायला वाटतं माउस जोडलाय, बस.

तरी पहिल्या दिवशी काही हललंच नाही. माझ्या सेटअपमध्ये मेमची (जुने आर्केड गेम चालवणारा प्रोग्रॅम) माउसची सेटिंग बंद होती, हे कळायला दीड तास. मग हललं, पण गोळा वर ढकलला की निशाण खाली. ते टॅब दाबून अॅनालॉग कंट्रोल्समध्ये रिव्हर्स केलं, सेन्सिटिव्हिटीही तिथेच वाढवली. गोळा जरा जड फिरत होता, बेअरिंगमधलं ग्रीस पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला, आता टिचकी मारली तरी फिरत राहतो. मात्र फारच जोरात फिरवला तर निशाण क्षणभर उलटं पळतं, सेन्सरला मोजायला पुरत नाही तेव्हा असं होतं म्हणे.

बाबा कॅरमवाले, जन्मात व्हिडिओ गेमला हात लावला नाही. संध्याकाळी येऊन गोळ्यावर नुसता तळवा ठेवला, दोनदा फिरवून बघितला आणि विचारलं, "पावडर टाकत नाहीत का रे यात?" मी जवळजवळ ओरडलोच, नाही, अजिबात नाही! मग खेळायला बसले, तीन लेव्हल सरळ पार. माझी सहाच्या सहा शहरं एकदाही तिसऱ्या लेव्हलपर्यंत टिकलेली नाहीत.

एक चूक झालीच. गोळा जोरात पुढे-उजवीकडे ढकलला की बोटांची हाडं दुसऱ्या जॉयस्टिकच्या दांड्यावर आपटतात, पुठ्ठ्याच्या पॅनलवर मी जॉयस्टिक लावायची विसरलो होतो. आता ती जॉयस्टिक दोन इंच उजवीकडे सरकवायची म्हणजे अजून एक भोक. दादांना फोन केलाय, रविवारी येतो म्हणाले, तोवर दांडा काढून ठेवलाय.