जुनी पुस्तकं, आठवा महिना: टिंबांशी जमलं

जुनी मराठी पुस्तकं वाचायला घेतली, त्याचा आधी हिशेब. मार्चपासून पूर्ण वाचलेली पुस्तकं दोन, अर्धवट सोडलेलं एक, ग्रंथालयाचा दंड चोवीस रुपये. वेग दिवसाला जेमतेम बारा पानं, तीही लोकलमध्ये बसायला मिळालं तर. बेचाळिशीत सुरुवात केल्यावर याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. शाळेत या जुन्या लेखकांपैकी बऱ्याच जणांचे धडे होते, पण 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या'नं त्यांची चवच घालवली होती.

सोडलं ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. १८५७चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नाव घेतात ते. पहिल्यापासून क्रमानं वाचायचं हा माझा हट्ट. विधवांचे हाल वाचून पोटात तुटतं, पण जरा कुठं जीव गुंतला की प्रवचन सुरू. चाळीस पानांवर हात टेकले आणि क्रमाचं खूळही तिथंच सोडलं. नवख्यांनी तिथून सुरुवात करू नये, हे माझं स्पष्ट मत.

मग हरिभाऊ आपटे. 'पण लक्षात कोण घेतो' त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली होती, म्हणून मीही ठरवलं, एका बैठकीला एकच प्रकरण. चार दिवस पाळलं. पुढे कादंबरीतल्या यमूनं पाळू दिलं नाही. ती आपली गोष्ट आपणच सांगते, माजघरात बसून सांगावी तशी. मध्येच भरकटते, परत येते. मुंबईच्या बिऱ्हाडातले सुखाचे दिवस ती इतक्या हौसेनं सांगते की पुढचं ठाऊक असलेल्या माणसाला तेच वाचवत नाहीत. केशवपनापाशी पुस्तक मिटलं आणि दोन स्टेशनं नुसता बसून राहिलो.

पण या खेपेची खरी नोंद टिंबांची. मला मिळालेल्या दोन्ही प्रती जुन्या छपाईच्या. पानभर अनुस्वार सांडलेले: नाहीं, कांहीं, घरांत, तूं. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक टिंब नाकातून वाचत होतो, आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरत होतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, एवढं माहीत होतं. मुळात ते होते कशाला, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

उजेड पडला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. (काय पुस्तक आहे! वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, आणि हे सगळं सांगताना बाईंचा सूर मात्र कुठंही रडका नाही.) वाचता वाचता लक्षात आलं: 'ते आले' म्हणजे घरचे यजमान, 'तें आलें' म्हणजे पोर. 'मी गेलों', पण 'मीं केलें'. नांव माणसाचं, नाव नदीतली. लांबलचक वाक्यात कुठलं क्रियापद कुणाचं, ते टिंबच दाखवून देतं. आता टिंब नाकातून वाचत नाही, नुसतं डोळ्यानं टिपतो आणि पुढे जातो. परवा नव्या आवृत्तीतलं एक पान समोर आलं, तर ते ओकंबोकं वाटलं.

पुढचा नंबर गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चा. वरसईहून दक्षिणा मिळेल या आशेनं निघाले आणि १८५७च्या धामधुमीत झाशीत सापडले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं तेव्हा मजकुरात बराच हात फिरवला होता, म्हणून मला मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत हवी आहे. ग्रंथपाल म्हणाले, "नोंद आहे, पुस्तक सापडलं पाहिजे." कुणी दोन्ही ताडून वाचली असतील तर आधी कुठली घ्यावी, सांगा.

टिंबांचा शोध आईला मोठ्या उत्साहानं सांगितला. ती पंचाहत्तरीची. कुकरची शिट्टी मोजत म्हणाली, "आम्हाला अर्धी शाळा टिंबं द्यायला शिकवली रे, आणि उरलेली अर्धी काढायला. माझी काही निघाली नाहीत." मग फ्रिजवरची वाण्याची यादी बघितली. गहूं. केळीं. अंडीं. इतकी वर्षं मला वाटायचं, आईचं बॉलपेन गळतंय.