चंची आणि खर्रा

आज मामांच्या ओसरीवर बसलो होतो. मामांनी चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरली, पानाला चुना-कात लावला आणि पहिला विडा मला दिला. हे अगत्य मला फार आवडतं. संध्याकाळी नागपुरात उतरलो, तर टपरीवर पन्नीत खर्रा घोटला जात होता. सुपारी, तंबाखू, चुना. कॉलेजची पोरं उभ्याउभ्याच तोंडात टाकून निघत होती. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ची, पण सवय सुटली कुठे? आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४च्या अहवालातच सांगितलंय. म्हणजे मामांचीही काळजी आहेच. चुलतभावाचं तर तोंड आता दोन बोटंही उघडत नाही, तिखट सोसत नाही. तिशीसुद्धा गाठली नाही त्याने! उद्या त्याला दातांच्या सरकारी दवाखान्यात नेतोय.