शाळेची शेती: आठव्या वाफ्यापर्यंत पाणी का पोचत नव्हतं

मंडळी, सापडलं एकदाचं! तीन आठवडे ज्याने झोप उडवली होती, त्या आठव्या वाफ्याचं दुखणं सापडलं, आणि ते माझ्या नाही, सातवीतल्या एका मुलीच्या हाती लागलं.

आमच्या वाफ्यांना उंचावरच्या टाकीतून ठिबकने पाणी जातं, आणि ते आठव्यापर्यंत पोचत नाही म्हणून मागच्या वेळी लिहिताना मी सगळं खापर शेवाळावर फोडलं होतं. शेवाळ होतंच. टाकीतून उजेड आरपार जायचा, वर दिवसभर ऊन. टाकी काळ्या कापडात गुंडाळली, पाणी गाळणारा स्क्रीन (जाळीचा) फिल्टर काढून 130 मायक्रॉनचा डिस्क (चकत्यांचा) फिल्टर बसवला. (शाळेसाठी डिस्कच घ्या. चकत्या सुट्या करून मुलं दोन मिनिटांत धुतात. स्क्रीनची जाळी घासून घासून फाटते.) एन्ड कॅप (टोकाचं झाकण) काढून एकेक लॅटरल (वाफ्यातली ठिबकची नळी) पाणी सोडून फ्लश केली. आधी हिरवट गढूळ पाणी आलं, मग नितळ. एवढं करूनही सोमवारी सकाळी आठव्या वाफ्यातला घेवडा माना टाकून उभा.

सोमवारीच का, हे जुन्यांना ठाऊक आहे. रविवारी बागेत काम नाही, हा शाळेचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, आणि मला तो मनापासून पटतो. जमिनीलाही विसावा असावा असं बायबलमधल्या लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातून शिकवायचं आणि रविवारी मुलांच्या हातात झाऱ्या द्यायच्या, हे जमायचं नाही. ठिबक आणि टायमर घेतला तो याच एका दिवसासाठी. तोच दिवस हुकत होता.

मग सातवीला घेऊन ड्रीपरखाली (नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) कप मांडले. ड्रीपर ताशी 2 लिटरचे, म्हणजे पंधरा मिनिटांत कपात 500 मिली पडायला हवं. पहिल्या वाफ्यात एका कपात 310, शेजारच्यात 90. आठव्यात कुठे 40, कुठे कोरडा ठाक. नुसता चोंदलेला संच असा वागत नाही. चोंदलेले ड्रीपर कमी देतात, पण धुतल्यावर सुधारतात. आमचे धुऊनही तसेच. क्षार असतील म्हणून दहा ड्रीपर व्हिनेगरमध्ये बुडवले. (मुलं आसपास असताना क्षार काढायची ॲसिड ट्रीटमेंट मी करत नाही, कितीही पातळ असो.) एकही बुडबुडा आला नाही. चुना नव्हताच.

शेवटी एक ड्रीपर ब्लेडने चिरला. आतून रबराची नखाएवढी चकती बाहेर आली. ती बोटाच्या टोकावर धरून मुलगी म्हणाली, "सर, पाणी नुसतं भोकातून जायचं असेल तर आत रबर कशाला?"

तिथेच उलगडा झाला. ते प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर होते. आत दाब वाढला की ती चकती वाट आवळते, म्हणून चढउताराच्या रानातही सगळीकडे सारखं पाणी पडतं. उत्तम वस्तू आहे, पण तिला काम करायला निदान अर्धा ते एक बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार. आमच्या टाकीचा तळ वाफ्यांपेक्षा साडेतीन मीटर उंच, म्हणजे 0.35 बार, त्यातला थोडा फिल्टरच खातो. चकती धड बसतच नव्हती. खात्री करायला तीच लॅटरल थेट पंपाला जोडली: सगळ्या कपांत 490 ते 510. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही.

दुकानदाराचा राग आलाच. "पाणी पंपाने देणार की टाकीवरून?" एवढा एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता. विकत घेताना त्याचं उत्तर तुम्हीच आधी सांगा.

आता पुढे काय? टाकी दहा मीटरवर नेणं शाळेच्या आवारात धोक्याचं. बूस्टर पंप बसवायचं जवळजवळ ठरलं होतं, पण रविवारी वीज गेली की पुन्हा तेच. म्हणून साधी, बिनरबराची इनलाइन (आतच ड्रीपर असलेली नळी) टाकतोय, सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी मोठी नळी) मधोमध नेऊन लॅटरल निम्म्या लांबीच्या करतोय. साध्या ड्रीपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे 2 लिटरच्या जागी जेमतेम 1.2. हरकत नाही. कमी पडू दे, पण सगळीकडे सारखं पडू दे. वेळ वाढवता येते.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: टायमरचा व्हॉल्व! त्यातही रबरी पडदाच असेल तर तोही उघडायला दाब मागणार. दोन रविवारी पाणी सुटलंच नव्हतं, ते यामुळेच असेल का? उद्या आधी तो उघडून बघतो. पडदा निघाला तर बॉल व्हॉल्वचा टायमर आणायचा, तो दाबाशिवायही उघडतो. नव्या सामानाची ऑर्डर तोवर थांबवतो.

या गडबडीत एक गोष्ट फार सुंदर झाली. पाचवीने येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातल्या चार जमिनी चार ट्रेंमध्ये केल्या: तुडवलेली, खडकाळ, तणाची आणि चांगली. प्रत्येकीत मुळ्याचं पंचवीस बी. सगळ्यांत आधी खडकाळ ट्रे उगवला! मुलं हरखली. पातळ माती लवकर तापते. चौथ्या दिवशी दुपारी तीच रोपं आडवी झाली. दाखला मी त्यानंतर वाचून दाखवला. "खोल माती नव्हती" या शब्दांशी वर्गात एकदम शांतता झाली.

आठव्या वाफ्याचा बेतही बदलला. घेवडा काढून तिथे नववीसाठी वाटाणा, गोल आणि सुरकुतलेला. वाटाण्यावरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल हा ब्रनोच्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मठातला संन्यासी. 1856 ते 1863 या काळात त्याने मठाच्या बागेत सुमारे 28,000 झाडं वाढवली आणि मोजली. आमची दोन हंगामांत शंभर झाली तरी पुरे. पण झाडाझाडाला पाणी कमीजास्त पडलं तर कितीतरी शेंगा नीट भरणार नाहीत, मग दाणे कसले मोजणार? नवी लाइन टाकली की कप मांडून आधी पाणी मोजू, मगच वाटाणा टोकू.