‘लागू नाही’

एका वाहतूक सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन मी सोलापूरबाहेर अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, घरोघरी फिरत होतो, त्या दिवशीची ही हकिगत आहे. घरातील प्रत्येक माणूस आदल्या दिवशी कुठे गेला, कशाने गेला आणि कशासाठी गेला, एवढेच विचारायचे होते. एका घरात पन्नाशीच्या मावशी दारातच विड्या वळत बसल्या होत्या. पत्र्याच्या मापाने कापलेली पाने ओल्या फडक्यात, तंबाखू सुपात आणि बोटे न थांबता चाललेली. कामाचे ठिकाण विचारल्यावर त्या म्हणाल्या, “घरातच की ओ.” फॉर्मच्या सूचनेप्रमाणे ‘घर’ या उत्तरानंतर कामासाठीच्या प्रवासाचे प्रश्न वगळायचे होते, म्हणून मी त्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहिले आणि पुढच्या घराकडे वळलो.

तेवढ्यात मावशींनी विड्यांच्या जुड्या टोपलीत रचल्या, वर फडके बांधले आणि टोपली कमरेवर घेतली. कुठे निघालात, असे विचारताच उत्तर आले, “कारखान्यात. विड्या द्यायच्या, पान-तंबाखू आणायचा. उशीर झाला तर माल उद्यावर जातो.” हे रोजचेच आहे, असेही त्या म्हणाल्या. मी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत टाकला आणि त्यांच्याबरोबर निघालो.

घरकुलाची १०,००० घरे २००६ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. पुढे त्याच कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीच्या ३०,००० घरांची योजना आली आणि त्यांपैकी १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. हक्काचे घर मिळणे ही मोठीच गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु मावशींचे घर गावाबाहेर आले आणि त्यांचा कारखाना सोलापूर शहराच्या पूर्व भागातच राहिला. मधले अंतर त्यांनी आपल्या पदरातून भरायचे. शेअर रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांनी हिशेब सांगितला : “रोजच्या हजारातल्या दोनशे विड्या रिक्षाच्याच बघा.” बसने का जात नाही, या माझ्या प्रश्नावर त्या हसल्या. माल देण्याच्या वेळेला बस नसते, आणि असली तरी भरली टोपली घेऊन ती उंच पायरी चढायची कशी? साध्या बसची फरशी जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर उंच असते आणि लो-फ्लोअर, म्हणजे खालच्या फरशीच्या, बसची ४००, हे मला पाठ होते. टोपलीसह चढणारी बाई मात्र मी त्या आकड्यांशेजारी कधी उभी केली नव्हती. १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत एस.टी.पुरती आहे, आम्ही बसलो होतो त्या रिक्षात ती कुठून असणार?

कारखान्यात तपासणाऱ्याने काही विड्या छाटून बाजूला टाकल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्या नातवाच्या औषधासाठी एकदा आणि रेशनसाठी एकदा उतरल्या. फॉर्ममध्ये प्रत्येक प्रवासाला एकच कारण लिहायची सोय होती.

हा दोष एकट्या आमच्या फॉर्मचा नव्हता. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तिथे जाण्याचे साधन विचारले गेले. मात्र ते ‘इतर कामगारां’पुरते होते, त्यात शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील कामगार धरलेले नव्हते. घरी बसून काम करणारा कामासाठी फिरत नाही, असे एकदा गृहीत धरले की त्याच्यासाठी बसची फेरी मागायला कागदावर माणूसच उरत नाही.

संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर बसून मी नवा फॉर्म भरला. कामाचा प्रवास दोन वेळा, औषध, रेशन. “आणि सकाळी पोराला बालवाडीत सोडलं ते?” त्यांनी विचारले. तेही लिहिले. मग पिशवीतून दिवसभराचा गठ्ठा काढून विडी कामगारांचे फॉर्म वेगळे केले. ‘लागू नाही’ असे सतरा ठिकाणी होते, सगळे माझ्याच अक्षरातले. दुसऱ्या दिवशी त्या सतरा घरांपासूनच सुरुवात केली.