येईल की, अण्णा

जानेवारी 2013. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. निम्मं सोलापूर होम मैदानाकडं आणि नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात मी एकटा. जाताना मालकांनी काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं होतं. ब्लॅकबेरी कर्व्ह 9220, सहा पीस, दिवाळीपासून पडून. "यात्रा संपायच्या आत हे हललं पाहिजे." डिस्ट्रिब्युटरनं गळ्यात मारलेला माल. त्याचा राग मालकांनी माझ्यावर काढायचा, हे ठरलेलंच.

दुपारी अण्णा आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. कापडी पिशवीतून सहा जुने ब्लॅकबेरी 8520 त्यांनी काउंटरवर ओतले, मंडईत वांगी ओततात तसे. मागाच्या शेडमध्ये सुताची लव उडतच असते. ती कळांच्या फटीत शिरते, ट्रॅकपॅडच्या कडेला चिकटते, मग कर्सर जागचा हलत नाही. हे काम माझं. जुना टूथब्रश, थोडं आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, आणि धीर. ब्लॅकबेरीला बिनधास्त हात लावणारे तेव्हा आमच्या पेठेत मोजकेच होते. फोन अडकला की लोक बॅटरी काढून घालायचे आणि पडद्यावरचं वाळूचं घड्याळ बघत बसायचे. मी आधी ऑल्ट, उजवी शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबून बघायचो. सिम बदलल्यावर मेल येत नसेल तर होस्ट राउटिंग टेबल, म्हणजे फोनची नेटवर्कवर नोंद करायचा मेनू, उघडून 'रजिस्टर नाऊ' द्यायचो. कॉल सेंटरवाला मात्र "चोवीस तास थांबा" एवढंच शिकलेला.

अण्णांची माणसं बीबीएमवर, म्हणजे ब्लॅकबेरीच्या मेसेंजरवर, टॉवेलच्या डिझाइनचे फोटो पाठवायची. आता सगळ्यांचे फोन बदलायचे होते.

"पोरा, खरं सांग बे. ही कंपनी राहतीय का बुडतीय? आमचा पोरगा अँड्रॉइड घ्या म्हणतोय."

मला सगळं पाठ होतं. 30 तारखेला ब्लॅकबेरी 10 ही नवी सिस्टिम येणार होती. तारखा पुढं ढकलत ढकलत, पण येणार होती. लझारिडिस आणि बाल्सिली ही कंपनी चालवणारी जुनी जोडी वर्षापूर्वीच खुर्चीवरून उतरली होती, आता थॉर्स्टन हाइन्स होते. नवी सिस्टिम क्यूएनएक्स कंपनीच्या सॉफ्टवेअरवर उभी. ती कंपनी 2010 मध्ये घेतलेली, गाड्यांत आणि कारखान्यांच्या यंत्रांत चालणारं दणकट काम. जगात अजून जवळपास 8 कोटी गिऱ्हाइकं. "एवढी मोठी पेढी एका दिवसात उठत नाही, अण्णा," मी म्हणालो. तसं मला वाटतही होतं.

एक गोष्ट मात्र बोललो नाही. बीबीएम कंपनीनं आपल्याच वाड्यात कोंडून ठेवलं होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप तोवर बटणाच्या नोकियावरही चालायला लागलं होतं. म्हणजे अण्णांच्या पोराचं काही चूक नव्हतं.

अण्णांनी 9220 हातात घेतला, बीबीएमचं वेगळं बटण दोनदा दाबून बघितलं. "मग हे घेतले तर ते नवीन यात येईल ना?"

येणार नव्हतं. जुन्या हँडसेटवर नवी सिस्टिम चढणार नाही, हे कंपनीनंच सांगितलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. कपाटात सहा पीस, मालकांचं बोट डोळ्यासमोर.

"येईल की, अण्णा."

सहाच्या सहा गेले. मालकांनी संध्याकाळी स्वतःहून चहा सांगितला. हे पहिल्यांदाच.

नव्या सिस्टिमचा फोन झेड10 भारतात 25 फेब्रुवारीला आला, किंमत 43,490. तेवढ्यात 10,990 चे जवळजवळ चार 9220 आले असते. फोन वाईट नव्हता, मी वापरून बघितला. पण सोलापुरात त्या पैशात लोक सेकंडहँड गाडी बघतात. सप्टेंबरमध्ये कंपनीनं पडून राहिलेल्या मालापोटी, त्यात मुख्यतः झेड10, 90 कोटी डॉलरहून जास्त नुकसान लिहिलं. "आपले सहाच होते," म्हणून मालक हसले. बीबीएम अँड्रॉइडवर आलं ते ऑक्टोबरमध्ये. तोवर वाड्यात राहिलं होतं कोण?

खोटं मी आधीही बोललो होतो. धंद्यात कव्हर 'ओरिजिनल'च असतं. पण कंपनीबद्दल त्या दिवशी जे जे सांगितलं ते मनापासून होतं, आणि अण्णांनी विश्वास ठेवला तो त्यावर. त्याच विश्वासात ते दोन शब्द खपून गेले.

मार्चमध्ये अण्णा एक 9220 घेऊन आले. ट्रॅकपॅड अडकला होता, तीच लव.

"येईल म्हणाला होतास."

"नाही येणार, अण्णा."

"तेव्हा माहीत होतं?"

मी ब्रश उचलला आणि कडा साफ करायला लागलो. ते समोरच उभे राहिले. कर्सर हलायला लागल्यावर पन्नासची नोट काउंटरवर ठेवली. मी नको म्हणालो.

"कामाचे आहेत बे," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.